पाच वर्षं, सात महिने

आमच्या घरी भिंतीवर लोकमान्यांचा फोटो होता, गांधीजींचा होता. आणि बाबांच्या टेबलाच्या काचेखाली वर्तमानपत्रातून कापलेलं आणखी एक चित्र होतं. लांबुडका चेहरा, मोठं नाक, गोल चष्मा. लहानपणी मला वाटायचं, बाबांच्या शाळेतले कुणी जुने हेडमास्तर असतील. तो एमन डी व्हॅलेरा निघाला.

बाबा कोल्हापुरात एका शाळेत गणित शिकवायचे. वर्गात कुणी "सर, गणिताचा पुढे उपयोग काय?" असं विचारलं की त्यांचं उत्तर ठरलेलं. "आयर्लंडमध्ये एक गणिताचा मास्तर होता. फाशीच्या दारातून परत आला आणि देशाचा पंतप्रधान झाला. आता उदाहरण पाचवं सोडवा."

२०१९ मध्ये ऑफिसच्या कामासाठी मला तीन महिने डब्लिनला जायचं होतं. निघताना आईनं लोणचं दिलं, मेतकूट दिलं. बाबा म्हणाले, "किलमेनमचा तुरुंग बघून ये." बस, एवढंच.

तर एका रविवारी मी किलमेनमला गेले. त्या दिवसापासून डोक्यात असलेली एक गोष्ट आज लिहितेय. त्यात थोडं आयर्लंड आहे आणि थोडं आमचं घर. घरातल्या मंडळींनी वाचून रागावू नये. काकूला आणि चुलतभावाला विचारूनच लिहिलंय.

आधी त्याच्याबद्दल.

डी व्हॅलेराचा जन्म १८८२ चा, तोही न्यूयॉर्कमधला. आई आयरिश, मोलमजुरीसाठी अमेरिकेत गेलेली. वडील स्पॅनिश, तो लहान असतानाच गेले. अडीच वर्षांचा असताना आईनं त्याला मामाबरोबर आयर्लंडला, लिमरिकजवळच्या ब्रुरी नावाच्या खेड्यात आजीकडे पाठवून दिलं. आईनं पुढे दुसरं लग्न केलं, पण मुलाला परत नेलं नाही. शेतमजुराच्या घरात वाढलेला हा मुलगा शिष्यवृत्ती मिळवून शिकला आणि गणिताचा शिक्षक झाला. आयरिश भाषा शिकायला म्हणून एका वर्गात जायला लागला आणि तिथे शिकवणाऱ्या, त्याच्याहून चार वर्षांनी मोठ्या शिनेडशीच त्यानं १९१० मध्ये लग्न केलं. भाषेच्या वर्गातून स्वयंसेवक दलात, आणि तिथून १९१६ च्या ईस्टरच्या उठावात. (त्याच एप्रिल महिन्यात बेळगावला लोकमान्यांनी होमरूल लीग काढली. 'होमरूल' हा शब्दच मुळी आयर्लंडकडून घेतलेला! न. चिं. केळकरांनी आयर्लंडचा इतिहास मराठीत लिहिला तो त्याआधीच, १९०९ साली. आपल्याकडच्या त्या पिढीला आयर्लंड शेजारच्या गावासारखं माहीत होतं.)

उठाव आठवडाभरात मोडला. किलमेनमच्या आवारात चौदा जणांना गोळ्या घातल्या. ते आवार अगदी साधं आहे. उंच दगडी भिंती, खाली खडी आणि एक काळा क्रूस. तिथे कुणी मोठ्यानं बोलत नाही. डी व्हॅलेरालाही मृत्युदंडच झाला होता. जन्म अमेरिकेतला म्हणून तो वाचला असं सगळे सांगतात. खरं म्हणजे त्याचा खटलाच उशिरा चालला आणि तोवर लोकांचा संताप पाहून इंग्रजांनी गोळ्या घालणं थांबवत आणलं होतं. थोडक्यात, काही दिवसांच्या फरकानं माणूस वाचला.

पुढचं सगळं सिनेमासारखं आहे. १९१७ मध्ये सुटका, पोटनिवडणुकीत विजय, सिन फेन पक्षाचं अध्यक्षपद, पुन्हा तुरुंग. १९१८ च्या निवडणुकीत आयर्लंडच्या १०५ जागांपैकी ७३ सिन फेनला मिळाल्या आणि त्यांनी लंडनला न जाता डब्लिनमध्ये स्वतःची संसद भरवली. डी व्हॅलेरा तेव्हा इंग्लंडमधल्या लिंकनच्या तुरुंगात. तिथे प्रार्थना सांगणाऱ्या पाद्र्याच्या किल्लीचा त्यानं मेणबत्तीच्या मेणात ठसा घेतला. त्यावरून बनवलेली किल्ली केकमधून आत आली आणि फेब्रुवारी १९१९ मध्ये तो बाहेर पडला. भिंतीपलीकडे त्याला न्यायला दोन मित्र उभे होते. मायकेल कॉलिन्स आणि हॅरी बोलंड.

ही दोन नावं लक्षात ठेवा.

लढाई थांबली ती जुलै १९२१ मध्ये. ऑक्टोबरात लंडनला वाटाघाटींना जायची वेळ आली तेव्हा डी व्हॅलेरा स्वतः गेला नाही. आर्थर ग्रिफिथ आणि कॉलिन्स यांच्याबरोबर आणखी तिघांना पाठवलं. का गेला नाही, यावर तिकडे शंभर वर्षं वाद चालू आहे. ६ डिसेंबरच्या पहाटे लॉइड जॉर्जच्या युद्धाच्या धमकीखाली त्या पाच जणांनी करारावर सह्या केल्या. आयर्लंडला स्वतःचं सरकार मिळणार, सैन्य मिळणार, इंग्रज फौजा जाणार. पण प्रजासत्ताक नाही. साम्राज्याच्या आतच राहायचं. उत्तरेच्या सहा परगण्यांना वेगळं राहायची मुभा. आणि संसदेत बसणाऱ्या प्रत्येकानं राजाशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घ्यायची.

आपल्याला वाटेल, भांडण फाळणीवरून झालं असेल. तसं नाही. संसदेतल्या चर्चेत सगळ्यात जास्त गाजली ती शपथ. चार ओळींची शपथ!

डी व्हॅलेराकडे स्वतःचा तोडगा होता. तो समजावताना तो वर्तुळं काढायचा. मोठ्या वर्तुळाच्या पोटात लहान वर्तुळ नको, बाहेरून स्पर्श करणारं वर्तुळ चालेल. म्हणजे साम्राज्याशी नातं राहील, पण आपण त्याच्या आत नसू. कॉलिन्सचं म्हणणं साधं होतं. आज पूर्ण स्वातंत्र्य मिळत नसेल, पण ते मिळवण्याचं स्वातंत्र्य मिळतंय. हे पायरीसारखं वापरू. ७ जानेवारी १९२२ ला मतदान झालं. बाजूनं ६४, विरुद्ध ५७. सात मतांनी करार मान्य झाला आणि डी व्हॅलेरा बाहेर पडला.

किलमेनमच्या संग्रहालयात हे सगळं वाचत असताना मला मध्येच आमचं मालवणकडचं घर आठवलं.

आजोबा गेल्यावर गावचं घर सामाईकच राहिलं. काका तिथेच राहायचे. घर शाकारणं, कौलं बदलणं, गणपती, सगळं तेच बघायचे. २००५ च्या गणपतीत त्यांनी बाबांसमोर एक कागद ठेवला. हक्कसोडपत्र. घर काकांच्या नावावर व्हावं याला बाबांची काहीच हरकत नव्हती. उलट त्यांनीच ते आधी सुचवलं होतं. पण कागदात एक वाक्य होतं. थोरल्या भावानं घराच्या खर्चाला आणि देखभालीला आजवर कोणताही हातभार लावलेला नाही, अशा अर्थाचं. बाबा नोकरीला लागल्यापासून दर महिन्याला गावाला मनिऑर्डर करत होते. त्याच्या पावत्या आईनं बिस्किटाच्या डब्यात ठेवलेल्या आहेत, अजूनही.

काका म्हणाले, "दादा, वकिलान लिवल्यान हा. सही कर आणि मोकळो हो. कागदात काय आसा?"

बाबा म्हणाले, "घर घे. पण खोट्या वाक्याखाली माझी सही मिळणार नाही."

वाक्य काढलं असतं तर विषय संपला असता. पण तोपर्यंत काकांनाही वाटायला लागलं की दादाचा आपल्यावर विश्वास नाही. "मी आयुष्य हयसर काढलंय, ह्येची किंमत एका वाक्याइतकी पण नाय?" त्यांचंही चुकत नव्हतं. आरती झाली, प्रसाद झाला आणि दुसऱ्या दिवशीच्या एसटीनं आम्ही परत आलो. त्यानंतर आमच्या घरचा गणपती कोल्हापुरात बसायला लागला.

तिकडे आयर्लंडमध्ये जून १९२२ च्या शेवटी डब्लिनच्या फोर कोर्ट्‌सवर तोफा डागल्या गेल्या. डागणारेही आयरिश, आत बसलेलेही आयरिश. ऑगस्टच्या सुरुवातीला हॅरी बोलंड गेला, कराराच्या बाजूच्या सैनिकाची गोळी लागून. १२ ऑगस्टला ग्रिफिथ आजारानं गेले. २२ ऑगस्टला कॉर्कमधल्या बेल ना ब्ला नावाच्या जागी कॉलिन्सच्या ताफ्यावर दबा धरून हल्ला झाला आणि तो गेला. वय एकतीस. तुरुंगाच्या भिंतीपलीकडे जे दोघं उभे होते, ते तीन आठवड्यांत दोन्ही बाजूंनी एकेक गेले. नोव्हेंबरपासून नव्या आयरिश सरकारनं आपल्याच माणसांना मृत्युदंड द्यायला सुरुवात केली. त्यातले पहिले चौघं किलमेनममध्येच. पुढच्या सहा महिन्यांतला सत्याहत्तर हा आकडा तिकडे लोकांच्या तोंडी आहे. इंग्रजांनी १९१६ मध्ये मारले त्यापेक्षा कितीतरी जास्त.

हे युद्ध डी व्हॅलेरानं एकट्यानं लावलं असं म्हणणं खोटं होईल. बंदुका ज्यांच्या हातात होत्या ते त्याचं ऐकतही नव्हते. पण करारानंतरच्या महिन्यांत त्यानं जी भाषणं केली, आयरिश रक्तातून वाट काढावी लागेल अशा अर्थाची, ती कुणाला विसरता येत नाहीत. मे १९२३ मध्ये शस्त्रं खाली ठेवली गेली. ऑगस्टमध्ये सरकारनं त्याला पकडलं. जुलै १९२४ मध्ये सुटला तेव्हा तो किलमेनम तुरुंगाचा शेवटचा कैदी होता. तुरुंग त्यानंतर बंदच पडला.

आता खरी गोष्ट.

१९२६ मध्ये त्यानं फिअना फॉल हा नवा पक्ष काढला. लोक मतं द्यायचे, पण शपथ घ्यायची नाही म्हणून निवडून आलेले संसदेत जायचे नाहीत. जुलै १९२७ मध्ये केव्हिन ओहिगिन्स या मंत्र्याची हत्या झाली. सरकारनं कायदा आणला की शपथ घेण्याची हमी देणार नसाल तर निवडणूकच लढवता येणार नाही. म्हणजे आता एक तर आत जायचं, नाहीतर राजकारण सोडायचं, नाहीतर पुन्हा बंदूक.

ऑगस्ट १९२७ मध्ये डी व्हॅलेरा आपल्या लोकांना घेऊन संसदेत गेला. टेबलावर शपथेचं पुस्तक होतं, बायबल होतं. त्यानं बायबल उचलून लांब ठेवलं. शपथेचा मजकूर झाकला. आपण शपथ घेत नाही, आत जाण्यापुरतं नाव लिहितोय, असं तिथल्या अधिकाऱ्याला सांगितलं. आणि सही केली. हा सगळा प्रकार म्हणजे एक पोकळ राजकीय उपचार आहे, असं त्याचं म्हणणं होतं.

मी त्या ओळीपाशी किती वेळ उभी होते कोण जाणे. मागचा माणूस "एक्सक्यूज मी" म्हणाला तेव्हा सरकले.

कारण हे मी पाहिलेलं होतं.

२०११ च्या जूनमध्ये, पावसाच्या तोंडावर, काका गेले. छातीत दुखलं आणि तासाभरात संपलं. बाबा रात्रीतून गावाला पोचले. नोव्हेंबरमध्ये काकू अडली होती. घर नावावर नाही म्हणून कुठलंच काम पुढे सरकत नव्हतं. बाबा मला घेऊन गेले. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात आम्ही सकाळपासून बसलो होतो. कागद तोच, फक्त काकांच्या नावाच्या जागी काकूचं आणि मुलांचं नाव. ते वाक्यही तसंच. काढायचं कुणाला सुचलंच नव्हतं. कारकुनानं कागद पुढे केला. "वाचून घ्या काका." बाबा म्हणाले, "चष्मा आणला नाही. कुठे करायची ते दाखवा." आणि सही केली. मग अंगठा, फोटो, साक्षीदार.

चष्म्याचं घर त्यांच्या शर्टाच्या खिशात होतं. मला दिसत होतं. काकूलाही दिसत असणार.

परतीच्या एसटीत ते काही बोलले नाहीत. मी विचारलं नाही.

डी व्हॅलेरानं पुढे जे केलं ते थोडंथोडकं नाही. मार्च १९३२ मध्ये तो सत्तेवर आला. साडेआठ वर्षांपूर्वी ज्यांनी त्याला तुरुंगात टाकलं होतं, त्यांनीच शांतपणे खुर्ची सोडली. (मला विचाराल तर त्या देशाचा मोठेपणा त्या दिवसात आहे.) १९३३ मध्ये ती शपथ रद्द केली. १९३७ मध्ये नवी राज्यघटना आणली. आपल्या घटनेतली राज्यधोरणाची मार्गदर्शक तत्त्वं त्या घटनेवरून घेतली हे स्पर्धा परीक्षेवाल्या प्रत्येक पोराला पाठ असतं. बी. एन. राव त्यासाठी १९४७ मध्ये डब्लिनला जाऊन त्याला भेटलेही होते. १९३८ मध्ये इंग्लंडच्या ताब्यातली तीन बंदरं त्यानं एकही गोळी न झाडता परत मिळवली आणि दुसऱ्या महायुद्धात देश तटस्थ ठेवला. गणिताचं वेड होतंच. डब्लिनमध्ये उच्च संशोधनाची संस्था काढून त्यानं श्रोडिंजरसारख्या शास्त्रज्ञाला तिथे आणलं. डोळे जवळजवळ गेल्यावरही चौदा वर्षं राष्ट्राध्यक्ष राहिला, १९७३ पर्यंत.

काळी बाजूही आहे. हिटलर मेल्यावर शिष्टाचार म्हणून जर्मन राजदूताकडे दुखवट्याला गेला. नियमाला धरून होतं, पण शोभलं नाही. बाईची जागा घरात असं सुचवणारं कलम घटनेत घातलं. ते बदलण्याचा प्रस्ताव २०२४ च्या सार्वमतात नापास झाला, म्हणजे ते कलम त्याच्यामागे अजून उरलंय. पन्नासच्या दशकात त्याच्या देशातली तरणी पोरं बोटी भरभरून इंग्लंडला गेली. १९६१ मध्ये लोकसंख्या २८ लाखांवर आली होती.

पण माझ्या मनात राहिलं ते वेगळंच. शपथ काढली, गव्हर्नर जनरलचं पद काढलं, राजाचं नाव काढलं, बंदरं घेतली. हे सगळं त्यानं त्याच कराराच्या पायरीवर उभं राहून केलं. कॉलिन्सनं सांगितलं होतं तसंच. कॉलिन्सचं बरोबर होतं, हे त्यानं आयुष्यभर दाखवून दिलं. तसं चारचौघांत सांगितल्याचं मात्र मी कुठे वाचलं नाही.

मग त्याचा तो शब्दांचा हट्ट निव्वळ हट्टच होता का? तसंही म्हणवत नाही. १८ एप्रिल १९४९ ला आयर्लंड औपचारिकपणे प्रजासत्ताक झालं आणि राष्ट्रकुलातून बाहेर पडलं. (तेही त्याच्या विरोधकांच्या सरकारनं केलं, हा आणखी एक विनोद.) आणि २६ एप्रिलला लंडनमध्ये ठरलं की भारत प्रजासत्ताक होऊनही राष्ट्रकुलात राहू शकेल, राजा फक्त संघटनेचं प्रतीक. म्हणजे बाहेरून स्पर्श करणारं वर्तुळ! १९२१ मध्ये त्याला जे नाकारलं, ते अठ्ठावीस वर्षांनी आपल्याला मिळालं. गणित बरोबर होतं. उत्तर मात्र कॉलिन्सला बघायला मिळालं नाही.

परत यायच्या आधी ग्लासनेव्हिनच्या दफनभूमीत गेले. कॉलिन्सची कबर दाराजवळच, फुलांनी भरलेली. डी व्हॅलेराची शोधावी लागते. साधा दगड, सोबत शिनेड आणि घोड्यावरून पडून विशीत गेलेला मुलगा ब्रायन. १९७५ मध्ये, ब्याण्णवाव्या वर्षी गेला. एकाच आवारात दोघं आहेत, पण शेजारी नाहीत.

ऑफिसमध्ये मी मालवणची म्हटल्यावर सगळे विचारायचे, "म्हणजे आमच्या पंतप्रधानांच्या गावची?" लिओ वराडकर तेव्हा पंतप्रधान होते. त्यांच्या वडिलांचं मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड. त्यांचा पक्ष फिन गेल, म्हणजे कराराच्या बाजूच्यांचा, कॉलिन्सच्या वारशाचा. मी परत आल्यावर, जून २०२० मध्ये, फिन गेल आणि डी व्हॅलेराचा फिअना फॉल पहिल्यांदाच एका सरकारात शेजारी बसले. अठ्ठ्याण्णव वर्षं लागली. आणि एका बाजूचा म्होरक्या आमच्या तालुक्यातल्या घराण्यातला!

बाबा आता त्र्याऐंशीचे आहेत. स्क्रीनवर वाचत नाहीत. काल रात्री हे सगळं त्यांना फोनवर वाचून दाखवलं. चष्म्याचा भागसुद्धा. तिथे माझा आवाज जरा अडखळला. पलीकडे नुसता पंखा ऐकू येत होता.

मग म्हणाले, "शीर्षक काय दिलंयस?"

"साडेपाच वर्षं," मी म्हटलं. करार मंजूर झाल्यापासून त्यानं सही करेपर्यंतची.

"जानेवारी बावीस ते ऑगस्ट सत्तावीस. पाच वर्षं सात महिने होतात. आकडा नीट लिही."

शीर्षक बदललंय. आमच्या घराचा आकडा त्यांना विचारला नाही. सहा वर्षं दोन महिने. तोही त्यांना पाठ असणार.